मोबाईल मेला म्हणण्यापूर्वी

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



या अंकात आम्ही बेणे, खताचे हप्ते किंवा हुमणी यांविषयी लिहिणार नाही. विषय मोबाईलचा आहे. उसाच्या पानावर मोबाईल कशाला, असे कोणी विचारील. पण लागणीची नोंद झाली की मेसेज मोबाईलवर येतो. तोड जवळ आली की चिटबॉयचा फोन येतो, मुकादमाचा येतो, ट्रॅक्टरवाल्याचा येतो. बिल जमा झाले की बँक मोबाईलवरच कळवते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून सातबाऱ्यावरची पीकनोंदसुद्धा बांधावर उभे राहून फोनवरून करावी लागते. ठिबकचा अर्ज असो की पी.एम. किसानची ई-केवायसी, ओटीपी आल्याशिवाय पान हलत नाही. तेव्हा ऐन हंगामात फोन बंद पडणे म्हणजे ऐन तोडीत गाडीचा जू मोडण्यासारखेच आहे.

अलीकडे गट ऑफिसात एक निराळीच तक्रार कानावर येऊ लागली आहे. फोन पाटात पडलेला नसतो, ट्रॅक्टरखाली आलेला नसतो. वरून पाहावे तर नवा दिसतो. सभासद सांगतात, “पोराने त्यात काहीतरी नवीन टाकले, तेव्हापासून उठतच नाही.” आणि पोरगा कुठे असतो विचारले, तर पुष्कळदा उत्तर येते, कामोठ्याला.

कामोठे आता आपल्या मंडळींना नवे राहिलेले नाही. सिडकोने वसवलेली ही वसाहत सायन-पनवेल रस्त्याला लागून आहे. हार्बर लाईनवर मानसरोवर आणि खांदेश्वर या दोन स्टेशनांवर उतरून तिथे जाता येते. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा ती पालिकेत आली. मूळचा तो भाताचा मुलूख, पण आज तिथल्या इमारतींत घाटावरची कितीतरी घरे नांदत आहेत. कोणी कळंबोलीच्या लोखंड बाजारात आहे, कोणी वाहतुकीत, कोणी कॉम्प्युटरवर काम करतो. सणाला वडील खाली जातात किंवा मुलगा वर येतो. वडिलांचा जुना मोबाईल रडतखडत चाललेला पाहून मुलाला कळवळा येतो. हेतू चांगला असतो. गडबड पुढे होते.

मुलगा नेमके काय करतो ते आधी समजून घेऊ. आपल्याकडच्या बहुतेक फोनांत गुगलची अँड्रॉइड ही प्रणाली असते. प्रणाली म्हणजे फोनचा कारभार पाहणारा प्रोग्रॅम. कंपनी तिच्यावर आपले साजशृंगार चढवून फोन विकते आणि काही वर्षांनी त्या फोनाकडे बघायचे सोडून देते. नवे फोन खपवायचे असतात ना! मग जुन्या प्रणालीवर नवी ॲप बसेनाशी होतात. पण अँड्रॉइडचा मूळ आराखडा सर्वांना खुला आहे. त्यावरून हौशी आणि जाणकार मंडळी जुन्या फोनांसाठी नवी प्रणाली तयार करून फुकट देतात. हिलाच कस्टम रॉम म्हणतात. २००९ पासून सायनोजेनमॉड नावाची अशी प्रणाली फार गाजली. ती २०१६ च्या अखेरीस बंद पडली आणि तिच्याच बुडख्यातून लिनेज ओएस फुटून आली, ती आजही चालू आहे. हे काही चोरीचपाटीचे काम नव्हे. २०१४ च्या डिसेंबरात वनप्लस कंपनीचा पहिला फोन आपल्या देशात आला तो सायनोजेन घेऊनच, आणि मायक्रोमॅक्सच्या ‘यू’ फोनांतही तीच होती. त्या हक्कावरून दोन्ही कंपन्यांत दिल्ली उच्च न्यायालयात खटलाही झाला होता.

म्हणजे प्रणाली बदलणे हा गुन्हा नाही, मूर्खपणाही नाही. चांगले जमले तर सात-आठ वर्षांचा फोन तरतरीत होतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. फसले मात्र की फोनाची वीट होते. या धंद्यातले लोक इंग्रजीत ‘ब्रिक झाला’ असेच म्हणतात. पंढरीची वीट निदान पुजता तरी येते!

परंतु ‘वीट झाली’ म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या दहांतल्या बहुतेकांचा फोन मेलेला नसतो, एवढे आम्ही खात्रीने सांगू. असे का, ते समजायला फोन जागा कसा होतो ते कळले पाहिजे.

हंगामाच्या सुरुवातीला आपण कारखान्यात अग्निप्रदीपन करतो. आधी बॉयलर पेटतो, वाफ होते, वाफेवर टर्बाईन फिरते, मग मिल फिरते, शेवटी साखर दिसते. मधला एक टप्पा अडला की पुढचे सारे ठप्प. फोनचेही तसेच आहे. बटण दाबले की प्रथम मुख्य चिपमध्येच कोरलेला एक चिमुकला प्रोग्रॅम जागा होतो, त्याला बूट रॉम म्हणतात. तो बूटलोडरला उठवतो. बूटलोडर पुढच्या मालाची सही-शिक्का तपासून प्रणालीचा गाभा सुरू करतो आणि मग चित्रे, ॲप, व्हॉट्सॲप हे सगळे दिसू लागते. बाजूला रिकव्हरी म्हणून एक छोटी कोठी असते. मुख्य प्रणाली बिघडली तर तिथून दुरुस्ती करावी म्हणून ती ठेवलेली असते.

कस्टम रॉम टाकताना बदल होतो तो बहुधा वरच्या मजल्यांवर. ते मजले ढासळले तरी खालचा बूटलोडर शाबूत असतो, आणि बूटलोडर गेला तरी बूट रॉम जात नाही, कारण तो पुसताच येत नाही. ऊस तोडून नेला, पाचट जळाले, तरी जमिनीतल्या बुडख्यावरचा डोळा जिवंत असेल तर खोडवा फुटतोच ना? फोनचा डोळा जिवंत आहे की नाही एवढे आधी पाहायचे.

पण त्याही आधी एक काम. फोनातले सिम काढून घरातल्या दुसऱ्या फोनात घाला. हे कोणालाच पहिल्या दिवशी सुचत नाही याचे आम्हाला नवल वाटते. बँकेचा ओटीपी, कारखान्याचा मेसेज, चिटबॉयचा फोन हे सर्व सिमवर येते, फोनावर नाही. साधा बटणांचा फोन असला तरी चालतो. फक्त जिओचे सिम जुन्या टू-जी बटणफोनात चालत नाही, त्याला फोर-जीचा फोन लागतो. एवढे केले की घाई संपते. घाई संपली की निम्म्या चुका टळतात.

आता फोन हातात घ्या. तो पार काळा पडला असेल तर आधी चांगल्या चार्जरला दोन-तीन तास लावून ठेवा, लॅपटॉपच्या भोकाला नव्हे. प्रणाली अर्धवट बसली की फोन पुन्हापुन्हा उठायचा प्रयत्न करीत राहतो आणि त्यात बॅटरी तळाला जाते. ‘मेलेले’ कित्येक फोन एवढ्यावरच डोळे उघडतात. मग चालूचे बटण वीस-तीस सेकंद दाबून धरा. थरथर झाली, कंपनीचे नाव आले, निदान उजेड पडला, तरी काळजीचे कारण नाही. बॅटरी फुगून पाठ वर आलेली दिसली तर मात्र चार्जिंगला लावू नका. सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या.

कंपनीचे नाव येते, पुढे गोल गोल फिरते, पुन्हा नाव येते, असे चक्र लागले असेल तर ही सर्वांत हलकी वीट. फोन बंद करून आवाज वाढवायचे बटण आणि चालूचे बटण एकदम दाबले की बहुतेक फोनांत रिकव्हरी उघडते. मुलाने टीडब्ल्यूआरपी नावाची रिकव्हरी टाकली असेल तर तीच दिसेल. या चक्राचे नेहमीचे कारण असे की जुन्या प्रणालीने फोनातली माहिती आपल्या कुलपात ठेवलेली असते, नव्या प्रणालीकडे त्याची किल्ली नसते, म्हणून ती दारातच अडते. टीडब्ल्यूआरपीत ‘फॉरमॅट डेटा’ करून इंग्रजीत ‘येस’ लिहायचे असते, आणि घाईत नेमके हेच राहून जाते. नुसते ‘वाईप’ केल्याने कुलूप निघत नाही. फॉरमॅट करून रॉम पुन्हा बसवला की पुष्कळदा पाच-दहा मिनिटांत फोन उभा राहतो. पहिल्या वेळी उठायला त्याला जास्त वेळ लागतो. तेवढा धीर धरावा, मध्येच बटणे दाबू नयेत.

रिकव्हरीही उघडत नसेल तर दुसरे दार, ते म्हणजे फास्टबूट. आवाज कमी करायचे आणि चालूचे बटण एकदम धरायचे. शाओमीच्या जुन्या फोनांवर टोपी घातलेला ससा दिसतो, नव्यांवर नुसते इंग्रजी अक्षरांत फास्टबूट लिहून येते. ससा दिसला की बूटलोडर जिवंत आहे असे समजावे. आता फोन केबलने कॉम्प्युटरला जोडून ‘फास्टबूट डिव्हाइसेस’ ही आज्ञा इंग्रजीत टाईप केली की फोनचा क्रमांक उमटतो. नाही उमटला तर पहिला संशय केबलवर घ्या. दुसरा भोकावर. निळ्या रंगाच्या यूएसबी भोकात काही फोन नीट बोलत नाहीत, काळ्या भोकात बोलतात. तिसरा ड्रायव्हरवर. आपल्याकडे लोक उलट्या क्रमाने जातात आणि आधी फोनलाच शिव्या देतात.

इथून पुढे कंपनीचा मूळ माल, म्हणजे मूळ प्रणाली, फोनात परत भरायची. आणि इथेच खरी मेख आहे. मूळ माल त्याच मॉडेलचा, त्याच चिपचा आणि त्याच देशासाठीचा हवा. यासाठी एका सभासदांच्या घरची हकीगत सांगणे योग्य होईल. नाव-गाव सांगण्याची जरुरी नाही.

त्यांच्याकडे रेडमी नोट ४ होता. हा फोन जानेवारी २०१७ मध्ये भारतात आला आणि आपल्या भागात अगदी को ८६०३२ सारखा पसरला होता. कंपनीने त्याला अँड्रॉइड ७ पर्यंत नेले आणि तिथेच सोडले. हे सभासद दिवाळीला कामोठ्याला गेले. मुलाने फोनाचे कुलूप काढले, रिकव्हरी टाकली, लिनेज टाकली, पण फॉरमॅट राहिले आणि फोन चक्रात अडकला. मुलगा घाबरला. मित्राने इंटरनेटवरून ‘रेडमी नोट ४ ची ओरिजिनल फाईल’ काढून दिली. ती भरायला घेतली तर कॉम्प्युटरने मध्येच थांबून ‘माल आणि फोन जुळत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दाखवली. मित्राचे म्हणणे पडले की ही तपासणीची ओळच त्या फाईलमधून काढून टाकू, म्हणजे अडथळा नको. सुदैवाने त्याआधी वडिलांनी आम्हाला फोन लावला.

भानगड अशी की रेडमी नोट ४ या एकाच नावाचे दोन फोन होते. भारतात विकला गेला त्यात स्नॅपड्रॅगन ६२५ ही चिप होती, त्याचे आतले नाव ‘मिडो’. आधी चीनमध्ये निघाला त्यात मीडियाटेकची चिप होती, त्याचे आतले नाव ‘निकेल’. नाव एक, रूप जवळपास एक, आतला जीव वेगळा. मित्राने दिलेली फाईल निकेलची होती. ती ओळ काढून तो माल जबरदस्तीने भरला असता तर बूटलोडरच बिघडून ससाही दिसेनासा झाला असता. बेणे आणताना नुसते ‘फुले २६५’ असे ऐकून ट्रॉली भरीत नाही आपण. मळा पाहतो, डोळा पाहतो. फोनचे आतले नावही तसे पाहिले पाहिजे. ते फास्टबूटमध्ये ‘गेटव्हार प्रॉडक्ट’ ही आज्ञा दिली की कळते. तपासणीची ओळ वैरी नसते. तीच कितीदा फोन वाचवते.

मग मुलाने मिडोची बरोबर फाईल शोधली. अशा फाईलचे शेपूट टीजीझेड असते. शेपूट झिप असलेली फाईल रिकव्हरीसाठी असते, ती इथे उपयोगाची नाही. फाईल उलगडून थेट सी ड्राइव्हवर ठेवली, फोल्डरच्या नावात मोकळी जागा ठेवली नाही, कारण मी-फ्लॅश हा शाओमीचा प्रोग्रॅम तेवढ्यावरूनही अडून बसतो. आणि एक गोष्ट आम्ही त्याच्याकडून फोनवर दोनदा वदवून घेतली. मी-फ्लॅशच्या खालच्या पट्टीत तीन पर्याय असतात: सगळे पुसा, माहिती राखा, आणि सगळे पुसून कुलूप लावा. उघडल्यावर हा तिसराच पर्याय निवडलेला असतो. चीनसाठी बनलेल्या फोनात बाहेरच्या देशांचा माल भरून कुलूप लागले की फोन ‘ही प्रणाली या फोनात चालणार नाही’ असे सांगून दार लावून बसतो. कस्टम रॉम असताना कुलूप लावले तरी तीच गत. म्हणून हात घालण्याआधी तो पर्याय बदलायचा. कुलूप पुन्हा लावायचेच असेल तर सगळे मूळचे बसून फोन दोन-चार दिवस नीट चालल्यावर, आणि तेही माल त्याच फोनाचा आहे याची खात्री असेल तरच.

रात्री साडेदहाच्या सुमारास रेडमीचे नाव येऊन फोन उठला. मधल्या दोन दिवसांत सिम सभासदांच्या मंडळींच्या फोनात होते, त्यामुळे चिटबॉयचा फोन चुकला नाही आणि आडसालीची तोड वेळेवर झाली. नंबर गुगल खात्यात ठेवलेले होते, ते परत आले. फोटो आले नाहीत. दोन हंगामांच्या वजनपावत्यांचे फोटो होते, ते कारखान्यात पुन्हा मिळतील. पण आदल्या वर्षी वारलेल्या आईची जात्यावर बसलेली एक चित्रफीत त्यात होती. ती गेली. सभासद त्यावर काही बोलले नाहीत. मुलाने मात्र बरेच दिवस फोन केला की आधी तेच विचारले, ती कुठून काढता येईल का.

येत नाही. आणि ती फोन अडकला तेव्हा गेली नव्हती, हेही सांगायला हवे. बूटलोडरचे कुलूप काढतानाच फोन आतले सर्व पुसतो. तसा इशारा पडद्यावर येतो, पण इंग्रजीतला इशारा वाचतो कोण? हल्लीच्या फोनांत माहिती कुलूपबंद स्वरूपातच साठवलेली असते, म्हणून पुसल्यानंतर चिप काढून, दुसऱ्या यंत्राला लावून, काही निघत नाही. ‘डेटा हमखास काढून देतो’ असे सांगून पैसे घेणारे भेटतील. पुसलेल्या फोनाबाबत त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. कुलूप काढण्याआधी फोटो कॉम्प्युटरवर उतरवा, व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या, नंबर गुगलवर आहेत का ते दुसऱ्या फोनवर उघडून पाहा. या कामाला तास लागत नाही.

सॅमसंगवाल्यांसाठी थोडे वेगळे आहे. त्यात फास्टबूटऐवजी डाउनलोड मोड असतो. नव्या फोनांत आवाजाची दोन्ही बटणे धरून केबल जोडायची, जुन्यांत घराचे बटणही त्यात येते. कॉम्प्युटरवर ओडिन हा प्रोग्रॅम लागतो आणि माल चार-पाच तुकड्यांत येतो. त्यातला सीएससी हा तुकडा भरला की माहिती पुसली जाते, होम सीएससी भरला की राहते. सॅमसंगचा आणखी एक खाक्या आहे. अनधिकृत प्रणाली एकदा आत गेली की नॉक्सचा आतला फ्यूज उडतो आणि तो परत जोडता येत नाही. फोन सुरू होतो, पण वॉरंटीच्या दाव्यात ते दिसते.

आता जड वीट. पडदा काळा, थरथर नाही, ससा नाही. तरी फोन कॉम्प्युटरला जोडला की ‘टुंग’ असा आवाज येतो का ते ऐका आणि डिव्हाइस मॅनेजर उघडून पाहा. क्वालकॉमच्या चिपचा फोन असेल तर तिथे क्वालकॉम आणि ९००८ हा आकडा दिसतो. मीडियाटेकचा असेल तर प्रीलोडर किंवा मीडियाटेक यूएसबी पोर्ट असे नाव क्षणभर येऊन जाते. हे दिसले तर बूट रॉम हाक देतो आहे, डोळा जिवंत आहे. परंतु इथून पुढचे काम घरी करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. क्वालकॉमच्या फोनाला कंपनीच्या सहीची खास फाईल लागते आणि शाओमीसारख्या कंपन्यांच्या बऱ्याच फोनांत त्यासाठी सेवा केंद्राचे अधिकृत खातेही लागते. मीडियाटेकसाठी एसपी फ्लॅश टूल आहे, ते कोणालाही मिळते, म्हणूनच जास्त घात करते. त्यात ‘डाउनलोड ओन्ली’ हाच पर्याय निवडावा. ‘फॉरमॅट ऑल’ निवडला की फोनची जन्मखूण, म्हणजे आयएमईआय, पुसली जाते. मग फोन सुरू होतो, पण सिमला रेंज नाही. त्यापेक्षा बंद होता तो बरा.

आयएमईआय म्हणजे पंधरा आकडी क्रमांक. *#०६# दाबले की दिसतो, डब्यावर आणि बहुधा बिलावरही छापलेला असतो. आजच तो वहीत लिहून ठेवा. दुरुस्तीहून फोन परत आला की दुकानातच *#०६# दाबून तोच क्रमांक आहे ना ते ताडून पाहा. ‘क्रमांक गेला होता, मी दुसरा टाकून दिला’ असे कोणी म्हणाले तर तो फोन घेऊ नका. दूरसंचार अधिनियम २०२३ प्रमाणे या क्रमांकात फेरफार करण्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आपण शेतकरी माणसे, नको त्या लफड्यात पडू नये.

कॉम्प्युटरला जोडूनही कसलाच आवाज नाही, चार्जर बदलला, केबल बदलली, तरी गप्प, असे असेल तर दोष प्रणालीचा नसण्याचा संभव मोठा. बॅटरी, चार्जिंगचे भोक, चालूचे बटण किंवा आतली साठवणीची चिप यांपैकी काहीतरी गेले आहे. ते कारागिराचे काम.

फोन उठल्यावर एक गंमत होते. तो विचारतो, आधीच्या गुगल खात्याचा पासवर्ड सांगा. याला म्हणतात एफआरपी! आपल्याला एफआरपी म्हटले की उसाचा दर आठवतो, चौदा दिवसांची मुदत आठवते. ही एफआरपी निराळी. चोराने फोन पुसून वापरू नये म्हणून २०१५ च्या सुमारास अँड्रॉइडमध्ये आलेले हे कुलूप आहे. खाते मुलाने उघडून दिलेले, पासवर्ड त्यालाही आठवत नाही, हा प्रकार घरोघर. खात्याचे नाव आणि पासवर्ड वहीत असू द्या. वही मात्र कपाटात.

काही सभासद म्हणतात, ही सगळी कटकट कस्टम रॉममुळे, कंपनीचा अपडेट घेतला तर काही होत नाही. तेही सर्वस्वी खरे नाही. २०२१ च्या जानेवारीत शाओमीच्या मी ए३ या फोनाला कंपनीनेच पाठवलेला अँड्रॉइड ११ चा अपडेट घेताच अनेक फोन वीट झाले. फरक पुढे पडला. कंपनीने अपडेट थांबवला आणि वॉरंटी असो नसो, सेवा केंद्रात फुकट दुरुस्ती जाहीर केली. आपण स्वतः टाकलेल्या प्रणालीबाबत असा कैवारी कोणी नाही. हल्ली काही फोनांत प्रणालीच्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवतात. एक बिघडली तर फोन दुसरीवर उठतो, त्यामुळे असे प्रकार कमी व्हायला मदत होते. जुन्या फोनांत ती सोय नाही. उलट काहींत मागे जायलाच बंदी असते. २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रो वर जुनी प्रणाली परत भरायला गेलेल्या कितीजणांचे फोन याच बंदीने काळे पडले. तेव्हा ‘आधीचीच बरी होती’ म्हणून मागे फिरण्याआधी ही बंदी आहे का ते पाहिले पाहिजे.

मग रॉम टाकावी की नाही? ज्या फोनवर तुमची बँक, यूपीआय आणि पीक पाहणी आहे, त्यात टाकू नये, असे आम्ही सांगतो. बसली तरी कुलूप उघडे दिसल्यामुळे बँकांची कितीतरी ॲप चालायला नकार देतात, हे मुले सांगत नाहीत. घरात दुसरा चालू फोन असेल, जुना कपाटात पडला असेल, तर त्यावर खुशाल शिकावे. कॉलेजच्या मुलांनी तर जरूर शिकावे, हे एक कसबच आहे. बॅटरी साठ टक्क्यांवर असू द्या. लॅपटॉपची बॅटरी चांगली नसेल तर लाईट जाण्याच्या वेळेत काम काढू नका. माल भरताना केबल हलली किंवा लाईट गेली की मिल मध्येच थांबल्यासारखे होते, चोथा अडकतो.

दुरुस्तीला फोन देताना पावतीवर मॉडेल, आयएमईआय आणि ‘माहिती पुसावयाची आहे / नाही’ हे लिहून घ्या. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे फोन देऊन कामोठ्याला पाठवणार असाल तर पडद्याचा आकडा चिठ्ठीवर लिहून फोनला चिकटवू नका, मुलाला तोंडी सांगा. दुकानदाराने नाडले तर ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे, मराठीतही बोलता येते.

फोन बंद पडल्यामुळे किंवा अन्य कारणाने ज्या सभासदांनी नवा नंबर घेतला आहे, त्यांनी सभासद क्रमांक, लागणीचा गट नंबर आणि नवा मोबाईल नंबर लिहून साधा अर्ज आपल्या गट ऑफिसात द्यावा. जुन्या नंबरवर गेलेला तोडीचा मेसेज परत पाठवण्याची सोय नाही, म्हणून चिटबॉयलाही तोंडी कळवावे.